साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

दोन चाळी समोरासमोर उभ्या आहेत. मधल्या मोकळ्या जागेची रुंदी मोजायची आणि तिची दुप्पट करायची. समोरच्या चाळीची उंची त्याहून जास्त भरली, तर अलीकडच्या चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीला पुरेसा उजेड मिळणार नाही. एकेकाळी मुंबईत सरकारी अधिकारी हा हिशेब घेऊन गल्लीबोळ मोजत फिरत. कागदोपत्री त्याला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणत, कारण खोलीच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले, तर नजरेची रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये, अशी अट होती.

हा नियम प्लेगमधून आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले आणि काही महिन्यांत माणसे मुंबई सोडून पळू लागली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. दोष गेला तो कोंदट हवेला, अंधाऱ्या खोल्यांना आणि दोन घरांच्या पाठीमागच्या त्या अरुंद, सांडपाण्याने भरलेल्या घरगल्ल्यांना. निदान चुकले होते, पण त्यातून निघालेला उपाय निरर्थक नव्हता. १८९८ साली कायदा होऊन मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर पुस्तिका लिहिली. एका सनदी अधिकाऱ्याने खोलीत येणाऱ्या प्रकाशाचा एवढा नेटाने पाठपुरावा करावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

ट्रस्टचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढताना त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त भरल्या. घर गेलेली माणसे शहर सोडून गेली नाहीत. ती शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरली. म्हणजे एका वस्तीत हवा आली आणि पलीकडच्या वस्तीतली गेली. ट्रस्टने स्वतः बांधलेल्या चाळी त्यामानाने बऱ्या होत्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब दोन खोल्यांत बरीच वर्षे राहिले, हे वाचकांना ठाऊक असेल.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली, गिरण्या जोरात होत्या, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. बीडीडी चाळीतली ती तीन अक्षरे याच खात्याची. पन्नास हजार खोल्या बांधायच्या होत्या. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया पट्टी बसवली. प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावात ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक, बांधकाम काँक्रीटचे. गंमत अशी, की एवढी टंचाई असताना सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि वरळी तेव्हा अगदी एका टोकाला होती. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींत कैदीसुद्धा ठेवले.

पण या चाळींनी एक गोष्ट सांभाळली. दोन चाळींत अंतर होते. त्या अंतरात पुढे गणपती बसले, कबड्डीची मैदाने आखली गेली, सभा झाल्या, आणि १९७४ साली वरळीत दंगलही झाली. एका खोलीत आठ-दहा माणसे आणि बाहेर मात्र मोकळे अंगण, अशी ही विचित्र दाटी होती. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि शंभर वर्षांच्या वादात त्या सतत एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत. एक माणसांची दाटी, दुसरी बांधकामाची. पहिली खोलीत मोजायची, दुसरी जमिनीवर.

दुसरीचे माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. व्यवहारात त्याला सगळे एफएसआयच म्हणतात. भूखंड हजार फुटांचा आणि सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम हजार फुटांचे, तर निर्देशांक एक. बृहन्मुंबईच्या १९६४च्या विकास आराखड्याबरोबर हे माप शहरात आले. पुढे १९९१च्या नियमावलीत साधारणपणे बेटावर १.३३ आणि उपनगरात १ असे आकडे होते. जगातल्या मोठ्या शहरांच्या मानाने ते फार कमी, अशी टीका ॲलन बर्टो यांच्यासारखे नगर-अर्थतज्ज्ञ करत आले आहेत. मजले थोडे म्हणून माणशी जागा थोडी, आणि म्हणून झोपडी, असा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर द्यायचे, तर एकही माणूस न वाढवता बांधकाम तिपटीहून जास्त होते. मजले वाढले म्हणून गर्दी वाढलीच असे नाही, आणि आकडा लहान म्हणून माणसे मोकळी राहिली असेही नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि कमी निर्देशांकाच्या त्या काळातच जुन्या चाळी खचत गेल्या.

हा वाद आपल्यापुरता नाही. कॅनडात व्हँकूवर शहराने ब्रॉडवे रस्त्याखालून येणाऱ्या मेट्रोच्या निमित्ताने २०२२ साली सुमारे पाचशे ब्लॉकच्या परिसरासाठी उंच इमारतींचा आराखडा मंजूर केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कायदा केला, की स्कायट्रेन स्थानकापासून दोनशे मीटरांत वीस मजले आणि पाच निर्देशांक यांना नगरपालिकेने घनतेच्या कारणावरून नकार देऊ नये. तेथेही हेच दोन आवाज आहेत. एक म्हणतो, घरे महाग आहेत, मजले वाढू द्या. दुसरा म्हणतो, जुन्या स्वस्त इमारतींत राहणाऱ्या भाडेकरूंचे काय? ब्रॉडवे आराखड्यात भाडेकरूला परत येण्याचा हक्क लिहून ठेवावा लागला. मुंबईकराला हे फारच ओळखीचे वाटेल.

हिंगोली जिल्ह्यात, सिद्धेश्वर धरणाजवळ राहून मुंबईच्या मजल्यांचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, कालवे निघाले, पण १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला गेलेला लोंढा मोठाच होता. त्यातले कितीतरी लोक चेंबूर-गोवंडीच्या बाजूला झोपड्या टाकून राहिले. चटईक्षेत्राचा पुढचा प्रयोग झाला तो अशाच झोपड्यांवर.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचे घर फुकट, त्याबदल्यात विकासकाला विक्रीसाठी जादा बांधकाम. योजना बसावी म्हणून किमान घनता ठरवली गेली, हेक्टरी पाचशे घरे. आधी घनतेला वरची मर्यादा असे, आता खालची आली. आणि घरे बसवण्यासाठी इमारतींमधल्या मोकळ्या जागेचे नियम सैल झाले. प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या वसाहतीही याच मापाच्या. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठी मानखुर्दमध्ये लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीत नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती उभ्या केल्या. नटवर पारेखमध्ये तळमजला अधिक सात मजल्यांच्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरांवर आहेत.

आता ऑरसाहेबांचा हिशेब लावून पाहू. तीन मीटर अंतराला उंची फार तर सहा मीटर, म्हणजे दोन मजले. आठ मजल्यांची उंची धरा चोवीस मीटर, तर अंतर हवे बारा मीटर. शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतवादी, प्लेगने घाबरलेल्या सरकारने जे दिले असते, त्याच्या चौथा हिस्सा स्वतंत्र भारतात पुनर्वसन म्हणून दिले गेले. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांना सोबत घेऊन केलेला या वसाहतींचा अभ्यास २०१८ साली पुढे आला. क्षयरोगाचा संबंध त्यात उजेड आणि हवेच्या अभावाशी दिसला. खालच्या मजल्यांवर रोग अधिक होता, आणि इमारतींत जास्त अंतर असलेल्या दुसऱ्या वसाहतीत कमी. प्लेगच्या बाबतीत चुकलेले निदान क्षयाच्या बाबतीत बरोबर ठरले.

दोष मजल्यांचा होता का? माझ्या मते नाही. निर्देशांक किती बांधले ते सांगतो, कसे बांधले ते सांगत नाही. तेवढेच चटईक्षेत्र उंच आणि दूरदूर उभ्या इमारतींतही बसते आणि ठेंगण्या, चिकटलेल्या इमारतींतही. ट्रस्टचा कोन अंतर पाहत होता. तो १९३३ साली ट्रस्टबरोबर महापालिकेत विलीन झाला आणि पुढे क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे मागे पडला. क्षेत्रफळ विकता येते, कोन विकता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे.

बीडीडी चाळींवर आता चाळीस मजल्यांचे मनोरे येत आहेत. काम म्हाडाकडे आहे. भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांत, स्वतःच्या संडासाच्या घरात, आणि तेही मालकीहक्काने. या कुटुंबांचा आनंद अस्सल आहे, आणि लांबून चाळीच्या आठवणी काढणाऱ्यांनी त्यावर नाक मुरडू नये. त्याच जमिनीवर विक्रीचे मनोरेही होणार आहेत, त्यावरच सगळे अर्थकारण उभे आहे. चाळीस मजल्यांच्या लिफ्टचा, पंपाचा खर्च काही वर्षांनी या घरांना झेपेल का, ही चर्चा वरळी-नायगावच्या बैठकांत किल्ल्या मिळायच्या आधीपासून चालू आहे. जुन्या चाळीत जिना होता, आणि त्याला वीज लागत नव्हती.