तिबेटी वाडग्याचे ठाणे जिल्ह्यातले भाऊबंद

अंबरनाथ-बदलापूरकडे योगवर्गांच्या दारावर हल्ली ‘साउंड हीलिंग’ची पाटी दिसते. आत चटयांवर माणसं डोळे मिटून पडलेली असतात आणि एकजण धातूच्या वाडग्याच्या काठावरून लाकडी दांडकं फिरवत असतो. वाडगा आधी कुरकुरतो, मग घुमायला लागतो. सगळे त्याला ‘तिबेटी वाडगा’ म्हणतात. मला त्याच्या कुळाचा नाद लागला तो थाळगानामुळे. जव्हार-सुरगाण्याकडच्या आदिवासींच्या त्या कथागायनात वाडगा नसतो, काशाची थाळी असते. पण घुमणं तेच, ठोकून नव्हे तर घासून काढलेलं. आणि तेही पुष्कळदा मयताच्या घरी.

आधी ‘तिबेटी’ या शिक्क्याचा निकाल लावू. तिबेटी मठांत घंटा आहेत, झांजा आहेत, लांबलचक कर्णे आहेत. काठ घासून वाडगा घुमवण्याचा विधी मात्र मठांच्या परंपरेत सापडत नाही. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित नेपाळ-भारतात आले आणि त्याच सुमारास पाश्चात्त्य भटके काठमांडूत पोहोचले. तिथल्या बाजारात जेवणाखाण्याचे, धान्य ठेवायचे काशाचे वाडगे मिळत. १९७२ साली हेन्री वूल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या जोडीची ‘टिबेटन बेल्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि वाडग्याला नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे जर्मनीच्या पेटर हेस यांनी वाडगे अंगावर ठेवून करायच्या ‘ध्वनिमर्दना’ची पद्धत बसवली आणि बघता बघता ते जगभर गेलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्यांनी लहानपणापासून ऐकला त्यांना शिक्क्याचं नवल वाटू नये. माल खरा असतो, शिक्का धंद्याचा असतो.

माल म्हणजे काशे. शंभर भागांत साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. इतकं कथील घातलं की धातू कडक आणि ठिसूळ होतो. काशाची थाळी फरशीवर पडली तर तडकते हे आजीच्या भांड्यांनी आपल्याला शिकवलेलं आहे. पण याच कडकपणामुळे कंप आतल्या आत जिरत नाही, आवाज लांबत राहतो. पितळी वाटीवर टिचकी मारा आणि मग काशाच्या. फरक कानालाच कळेल. हाताने ठोकलेल्या वाडग्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, म्हणून एकाऐवजी अगदी जवळजवळचे दोन सूर उठतात आणि त्यांच्या रस्सीखेचीतून ती ‘वँव-वँव’ लाट तयार होते. ऐकणाऱ्याला जे गूढ वाटतं ते कारागिराच्या हातोड्याचं देणं आहे.

आता कुळाचे दावेदार. अंबरनाथचं शिवालय शके ९८२चं, म्हणजे १०६०चं. देवळातली घंटा आपलीच, असं कुणी म्हणेल. पण घंटेला टोल द्यावा लागतो. जलतरंगाच्या वाट्यांवरही काडीने आघातच करतात. टोल देणं आणि घासून घुमवणं ही माझ्या मते दोन वेगळी घराणी आहेत. घासण्यात बोट किंवा दांडकं क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सारंगीच्या गजाचं तंत्र हेच.

या घराण्यातला तगडा दावेदार युरोपचा. १७६१मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने फिरत्या काचवाट्यांचं वाद्य बनवलं, ओल्या बोटांनी वाजवायचं. व्हिएन्नाच्या फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरने ते आपल्या उपचारांत आणलं. गंमत पुढे आहे. १७८४मध्ये फ्रेंच राजाने मेस्मरची विद्या तपासायला समिती नेमली आणि तिच्यात हाच फ्रँकलिन होता. निष्कर्ष निघाला की गुण येतो तो रोग्याच्या कल्पनाशक्तीमुळे. म्हणजे घासलेल्या वाटीने बरं करण्याचा दावा आणि त्यावरचा आक्षेप, दोन्ही सव्वादोनशे वर्षांहून जुने. तरीही मी हे कूळ नाकारतो, कारण तिथे काच आहे आणि वाजवणारा संगीत वाजवतो, सूर बदलत जातो. आपल्या वाडग्याचा एकच सूर. तो मागे भरून राहतो.

तसा सूर थाळगानात आहे. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक सरळ काडी. कथेकरी काडी चिमटीत धरून वरून खाली बोटं ओढत राहतो. कंप काडीतून थाळीत उतरतो, थाळी घूंऽऽ करून बोलते आणि त्या सुरावर तो कथा लावतो. धान्याची देवी कणसरी, रामायणाची कोकणी रूपं, हे तिचे विषय. कोकणा आणि त्यांच्या शेजारच्या जमातींत ती सणालाही होते आणि मरणानंतरच्या दिवसांतही. आणि हे काही परक्या मुलखातलं नाही. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार आणि अंबरनाथ एकाच ठाणे जिल्ह्यात होते.

आक्षेप मला माहीत आहेत. थाळी पसरट, वाडगा खोल. इथे काडी घासतात, तिथे काठ. कबूल. वाडगा थाळीपोटी जन्मला असं मी म्हणतच नाही. माझा तर्क एवढाच की ज्या ज्या घरात काशाचं भांडं रोज हाताळलं, घासलं, पुसलं जात होतं, तिथे ते घासताना घुमतं हे कुणाच्या तरी हाताला कळणारच होतं. हिमालयात कळलं तसं सह्याद्रीतही. काशाच्या वाटीने तळपायाला तूप घासायची आपली घरगुती रीत मी याच गोतात धरतो. पायाला तेल लावायला आयुर्वेदाचार्य वाग्भटानेही सांगितलं आहे; वाटी मात्र स्वयंपाकघरातून आली. धातू तोच, घासणं तेच, आणि हेतूही झोप लागावी हाच.

गुण येतो का? २०१७ साली अमेरिकेत ६२ जणांवर एक पाहणी झाली. वाडग्यांच्या सत्रानंतर ताण आणि उदासी कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. तासभर अंधाऱ्या खोलीत नुसतं पडून राहिल्यानेही बरं वाटतं; फ्रँकलिनच्या समितीचा आक्षेप अजून उभाच आहे.

थाळगानवाल्यांना तो आक्षेप लागत नाही, कारण ते थाळीला औषध म्हणत नाहीत. तिथे थाळीचा सूर हा कथेचा आधार. कथा ऐकायला भाऊबंद जमतात, रात्र सरते, आणि मयताच्या घरचं माणूस एकटं पडत नाही. योगवर्गाने यातला सूर ठेवला, कथा आणि भाऊबंद वगळले, आणि सगळा भार वाडग्यावर टाकला. एवढा भार पेलायचा म्हटल्यावर त्याला तिबेटचं नाव लावणं भागच होतं.