आट्यांची कुळकथा

गेल्या पाडव्याची गोष्ट. कारंजाला आमच्या शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहतात. जिनिंग-प्रेसिंगच्या वर्कशॉपात त्यांचा सारा जन्म लेथपुढे उभे राहण्यात गेला. त्यांचा पुतण्या चाकणला संगणकाच्या लेथवर कामाला आहे. चिवड्याची बशी पुढे ओढीत तो म्हणाला, "काकाजी, तुमचे आटे आता आमी दोन ओळीत पाडतो. जी शहात्तर लिहायचं, मापं टाकायची, बटन दाबायचं!"

म्हातारबुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थे ठीक हाय. पण दुसऱ्या कटाले टूल त्याच आट्यात कसं येते, थे सांग मले."

"थे मशीन पाहून घेते, काकाजी."

मी पडलो शाळामास्तर. प्रश्न अर्धवट राहिला की मला जेवण गोड लागत नाही. त्या दिवाळीत तर अनरसेही गोड लागेनात!

वाचकहो, बोल्टचे आटे एका दमात पडत नाहीत. वीस मिलिमीटरच्या साध्या बोल्टवर दोन आट्यांत अडीच मिलिमीटर अंतर आणि खोली सुमारे दीड मिलिमीटर असते. एवढे लोखंड एकदम कापू गेल्यास टूल मोडते. म्हणून थोडे थोडे कापत अनेक कट घ्यावे लागतात, आणि दर वेळी टूल पहिल्याच चरात उतरावे लागते. केसभर चुकले की काम भंगारात.

फार पूर्वी हे काम हाताच्या अंदाजाने चाले. ज्या बोल्टची नट त्यालाच बसे, शेजारच्याला नाही. सुमारे १८०० साली लंडनच्या हेन्री मॉडस्लेने टूल हातातून काढून एका लांब मळसूत्रावर चालणाऱ्या गाड्यावर बसवले आणि ते मळसूत्र दातेरी चाकांनी फिरत्या कामाशी जोडले. मळसूत्रावर इंचाला ४ आटे आहेत आणि कामावर ८ हवे आहेत, तर मळसूत्र निम्म्या वेगाने फिरले पाहिजे. म्हणजे इकडे ३० दात्यांचे चाक, तिकडे ६० दात्यांचे. त्रैराशिक येणाऱ्या पोरालाही जमेल.

त्याच मॉडस्लेच्या कारखान्यात राहिलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचवले. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश धरले. समभुज त्रिकोण काढायला सोपा, हा त्यातला फायदा.

आपल्याकडे इंग्रजांबरोबर इंच आला. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, पण जुने बोल्ट जागच्या जागी राहिले. पाऊण इंची बोल्टवर इंचाला १० आटे, म्हणजे दोहोंत २.५४ मिलिमीटर. वीस मिलिमीटरच्या बोल्टचे अंतर २.५. दिसायला भाऊ-भाऊ! आमच्या मळ्यातल्या इंजिनाच्या पायाला एकाने अशीच मिलिमीटरची नट इंची बोल्टवर चढवून दिली. ती सैल बसली, चार दिवस टिकली, मग आटे सोडून निसटली. इंजिन दुरुस्त होईस्तोवर हरभऱ्याचे एक पाणी चुकले. त्या वर्षी बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढावे लागले, ते वडिलांनी कधी बोलून दाखवले नाही.

इंची मळसूत्राच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे चाक लागते. कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. ही मूळ संख्या, तिला भाग जात नाही, म्हणून लहान चाकावर भागत नाही. शिवाय अशा कामात हाफ नट उघडायची सोय नाही. प्रत्येक कटाला लेथ उलटा फिरवून मागे आणायचा.

मराठी माणसाला यंत्राची गोडी लावण्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा वाटा मोठा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिकवणारा हा माणूस बेळगावात सायकली विकू लागला, मग लोखंडी नांगराकडे वळला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. (तिथूनच १९२० साली निघालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे घराघरांत गेली. कारखान्याने मासिक जन्माला घालावे, हे मला लेथइतकेच नवल वाटते.) १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना निघाला. तो आता बंद आहे, पण त्याचे लेथ अजून कितीक वर्कशॉपांत फिरताहेत.

अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत १९५२ साली छिद्रांच्या फितीवर चालणारे यंत्र दाखवले गेले. फितीच्या जागी पुढे संगणक आला. तरी आरंभी आट्याच्या प्रत्येक कटाला चार हालचाली लिहाव्या लागत : आत जा, काप, बाहेर ये, मागे फिर. दहा कटांना चाळीस ओळी. 'जी ७६' मध्ये एकूण खोली, पहिल्या कटाची खोली, आट्यांतले अंतर आणि शेवटची जागा सांगितली की बाकीचे गणित यंत्र करते. चर खोल जातो तसा रुंद होतो आणि टूलवर भार वाढतो. म्हणून कट बारीक होत जातात. पहिला अर्ध्या मिलिमीटरचा घेतला तर चौथ्या कटाला एकूण खोली दुप्पट, नवव्याला तिप्पट. वर्गमूळच ते! नवव्यालाच दीड मिलिमीटरचा आटा पुरा.

आणि म्हाताऱ्यांचा प्रश्न? पुतण्याने परत गेल्यावर आपल्या फोरमनला विचारले आणि रात्री फोन केला. चक फिरवणाऱ्या दांड्याला एक मापक जोडलेला असतो. तो दर फेऱ्याला ठरल्या जागी एकच इशारा देतो, आणि तो आल्यावाचून यंत्र टूल सोडत नाही.

मिस्त्री फोन कानाला लावून ऐकत होते. "अरे, आमी चकवर खडूनं रेघ मारत होतो," ते म्हणाले, आणि मग अर्धा तास ते दोघे खडूवर, १२७ च्या चाकावर आणि कोणत्या लोखंडाला किती तेल लागते यावर बोलत राहिले. फराळाचे ताट तसेच होते.