दोन हजार शब्दांखालची सही

कॅम्पमध्ये दर शनिवारी एक कागद फिरायचा. आमची नावं, पुढे सहीची जागा, आणि रकमेचा रकाना कोरा. "चला गं, पटापट सह्या करा," असं मॅनेजर म्हणायचे आणि आम्ही अकरा जणी एकाच बॉलपेननं सह्या करून मोकळ्या व्हायचो. दैनिक भत्ता म्हणून हातात काय पडतं आणि त्या कोऱ्या रकान्यात नंतर काय लिहिलं जातं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. मी १९ वर्षांची होते, ८०० मीटर धावायचे, आणि डोक्यात एकच गोष्ट होती: राज्याच्या टीमची यादी.

माझ्या रूममेटला सुचलं. तिनं वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. भत्ता किती मंजूर आहे ते सांगावं, रात्री दूध मिळावं, स्पर्धेला जाताना रेल्वेचं रिझर्व्हेशन असावं. तीनच मागण्या. खाली स्वतःची सही केली आणि पान माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, "यादी लागू दे, मग करते."

चार दिवसांनी यादी लागली. माझं नाव होतं, तिचं नव्हतं. ट्रायलमध्ये ती माझ्या पुढे होती. कारण विचारलं तर "सातत्य नाही" असं सांगण्यात आलं. तिला कुणी रागावलं नाही, अर्ज फाडला नाही, "बोलू नकोस" असंही कुणी म्हणालं नाही. आपल्या राज्यघटनेचं कलम १९ त्या दिवशी जागच्या जागी शाबूत होतं. फक्त एका टाइप केलेल्या कागदावर एक नाव कमी होतं.

धावणं सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी मी १९६८ सालच्या चेकोस्लोव्हाकियाबद्दल वाचायला लागले, ते या न केलेल्या सहीमुळे. आम्हा सातारच्या पोरींना माणच्या ललिता बाबर माहीत होत्या. एमिल झातोपेक मात्र कुणा सरांनी कधी सांगितला नव्हता. सांगितला असता तरी फक्त त्याच्या टायमिंगपुरता सांगितला असता.

तर गोष्ट अशी. जानेवारी १९६८मध्ये अलेक्झांडर दुबचेक कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख झाले आणि देशात मोकळा वारा सुटला. २६ जूनला संसदेनं कायदा करून सेन्सॉरशिप रद्द केली. दुसऱ्याच दिवशी, २७ जूनला, एक जाहीरनामा छापून आला: 'दोन हजार शब्द'. लेखक लुडविक वात्सुलिक. सुधारणा वरून येतील म्हणून वाट बघत बसू नका, ज्यांनी सत्तेचा गैरवापर केला त्यांना गावागावात जाब विचारा, असा त्याचा सूर होता. मॉस्कोनं तो वाचला आणि त्यात प्रतिक्रांती पाहिली.

त्याखाली शास्त्रज्ञ, लेखक, कलावंत यांच्या सह्या होत्या. आणि दोन सह्या देशातल्या शाळकरी पोरांनाही ओळखीच्या होत्या. एक झातोपेकची. त्यानं १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली होती. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. दुसरी व्हेरा चास्लाव्स्काची. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमधली सर्वोत्तम जिम्नॅस्ट, आणि मेक्सिको ऑलिंपिक जेमतेम साडेतीन महिन्यांवर.

लेखकानं सही करणं आणि खेळाडूनं सही करणं यात फरक आहे. लेखकाचं पुस्तक बंद केलं तर तो ते कपाटात ठेवू शकतो, २० वर्षांनी काढू शकतो. शरीर कपाटात ठेवता येत नाही. त्यातून त्या व्यवस्थेत पगार देणारा, पासपोर्ट देणारा आणि यादी करणारा एकच. झातोपेक तर सैन्यात कर्नल होता.

२० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रणगाडे देशात शिरले तेव्हा व्हेरा मोराव्हियात सरावशिबिरात होती. सही करणाऱ्यांची धरपकड होईल म्हणून तिला डोंगरात लपवण्यात आलं. ऑलिंपिकला दोन महिने राहिलेत आणि जिम नाही, बार नाही, बीम नाही. मग ती झाडांच्या फांद्यांना लटकून झोके घ्यायची, कुरणात फ्लोअरचा सराव करायची, बटाट्याची पोती उचलायची. आणि तळहाताचे घट्टे जाऊ नयेत म्हणून फावड्यानं कोळसा ओढायची. मला सगळ्यात आत लागलं ते हे. हाताचे घट्टे सांभाळणं म्हणजे काय, हे खेळलेल्या माणसालाच कळतं. ते आठ-पंधरा दिवसांत मऊ पडतात आणि मग बारवर कातडं सोलून निघतं. जीव वाचवायला लपलेली बाई हाताच्या कातड्याची काळजी करत होती, कारण तिला अजून त्या यादीत राहायचं होतं. माझंही तेच होतं. यादीत राहायची भूक आम्हा दोघींना सारखीच होती. तिनं मात्र सही आधी केली होती.

अगदी शेवटी तिला मेक्सिकोला जायची परवानगी मिळाली. तिथे तिनं चार सुवर्ण आणि दोन रौप्यपदकं मिळवली. बीमवर सोव्हिएत संघाच्या नतालिया कुचिन्स्कायाला सुवर्ण आणि व्हेराला रौप्य. फ्लोअरवर तिचं सुवर्ण लारिसा पेत्रिकबरोबर वाटलं गेलं, तीही सोव्हिएत. त्यामुळे दोन्ही वेळा व्हेरा उभी असताना सोव्हिएत राष्ट्रगीत वाजलं. दोन्ही वेळा तिनं मान खाली घालून उजवीकडे वळवली. बस, एवढंच.

त्याच ऑलिंपिकमधला टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: काळे हातमोजे घातलेल्या दोन वर केलेल्या मुठी, १६ ऑक्टोबर. त्या दोघांना अमेरिकेच्या संघातून काढून घरी पाठवण्यात आलं. व्हेराला ऑलिंपिकवाले काहीच करू शकले नाहीत. मान वळवायची नाही असा नियम कोण लिहिणार? (नियम लिहिणारे नंतर बरेच पुढे गेले. टोकियोत २०२१ साली खेळाडूंना स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानावर भूमिका दाखवायची मर्यादित मुभा दिली गेली, पण पदकाच्या चौथऱ्यावर नाहीच.) आणि ज्या मेक्सिको सिटीनं व्हेराला डोक्यावर घेतलं, तिचं लग्नसुद्धा जिथे लागलं, त्याच शहरात उद्घाटनाच्या दहा दिवस आधी, २ ऑक्टोबरला, त्लातेलोल्को चौकात सैन्यानं निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्याच्या घरातलं धैर्य लोकांना फार आवडतं.

शिक्षा तिची घरी वाट बघत होती. तिनं आपली चार सुवर्णपदकं दुबचेकसह देशाच्या चार नेत्यांना देऊन टाकली. हे चारही नेते पुढे सत्तेतून गेले. सही मागे घे, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. तिनं घेतली नाही. परदेश प्रवास बंद, प्रशिक्षक म्हणून काम नाही. आत्मचरित्र लिहिलं तर देशात कुणी छापेना. ते जपानमध्ये निघालं, तेही कापून-छाटून. १९७९ ते १९८१ या काळात मेक्सिकोत प्रशिक्षण द्यायला तिला जाऊ दिलं. १९८९च्या क्रांतीनंतर ती राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांची सल्लागार आणि पुढे देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली. २०१६ साली गेली.

इथे लेख संपवला असता तर तुम्ही फॉरवर्ड केला असता आणि मीही जरा बरी झोपले असते. पण त्या कागदावर दुसरी सहीही होती.

झातोपेकची गोष्ट सरळ नाही. १९५० साली मिलाडा होराकोवा या विरोधी राजकारणी बाईंना खोट्या खटल्यात फाशी दिली गेली, तेव्हा त्या शिक्षेचं समर्थन करणारं निवेदन झातोपेकच्या नावानं छापून आलं. ते शब्द त्याचे किती आणि त्याच्या तोंडी घातलेले किती, हा वाद आजही आहे. चॅम्पियनचं तोंड ही सरकारी मालमत्ताच असते. फाशीची तारीख होती २७ जून. १८ वर्षांनी बरोबर त्याच तारखेला 'दोन हजार शब्द' छापून आले. हे त्याच्या लक्षात आलं होतं का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण हाच माणूस १९५२ साली हेलसिंकीला निघताना अडून बसला होता. स्तानिस्लाव युंगविर्त या तरुण धावपटूचे वडील राजकीय कैदी, म्हणून त्याला संघातून वगळलं होतं. तो येणार नसेल तर मीही नाही, असं म्हणून झातोपेक विमानात चढलाच नाही. शेवटी दोघांनाही जाऊ दिलं. युंगविर्तनं पुढे १९५७ साली १,५०० मीटरचा विश्वविक्रम केला. दुसऱ्याच्या नावासाठी स्वतःची यादी पणाला लावणारा माणूस. आमच्या कॅम्पमध्ये तसं कुणी नव्हतं. म्हणजे मी नव्हते.

रणगाडे आले तेव्हा तो प्रागच्या वेन्सेस्लास चौकात गर्दीपुढे बोलला. मग पक्षातून काढलं, सैन्यातून काढलं. काही वर्षं तो जमिनीत खोदकाम करणाऱ्या एका भूगर्भ संशोधन संस्थेत मजुरी करत होता, आठवडाभर घरापासून लांब. आणि १९७०च्या दशकात त्यानं हार मानली. आपलं चुकलं असं जाहीरपणे म्हणाला. पुढे त्याला प्रागमध्ये कचेरीत काम मिळालं: परदेशी क्रीडा नियतकालिकं वाचायची आणि कामाचं काही असेल तर टिपून ठेवायचं. व्हेराबरोबरच्या काहींनी त्याला कधी माफ केलं नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही राग आला होता. नंतर हसू आलं, स्वतःचंच. ज्या बाईनं दुधाच्या ग्लासासाठी सही केली नाही, ती झातोपेकला नापास करायला निघाली होती! त्यानं सही केली, किंमत मोजली, आणि मोजता मोजता थकला. थकवा काय असतो ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? व्हेरा थकली नाही, याला मी तिचं मोठेपण म्हणते. तो थकला याला मी भित्रेपणा म्हणू शकत नाही. भित्रेपणा मी जवळून पाहिला आहे. तो थकलेला नसतो, तो ताजातवाना असतो आणि "यादी लागू दे" म्हणतो.

मी त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. जनरल डब्यात, दाराजवळ बॅगवर बसून. हीटमध्ये पाचवी आले, फायनल गाठली नाही. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि विषय संपला. त्या शर्यतीचं प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून लावलंय. घरी गेले की मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

रूममेट आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. हा लेख तिला विचारल्याशिवाय छापायचा नव्हता, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यात मी लिहिलं होतं की ट्रायलला ती २:१५ धावली होती. दोन निळ्या टिका आल्या, मग अर्धा तास काहीच नाही. मग उत्तर आलं.

"छाप. पण २:१५ नाही. २:१४.८."