जंतूंना विचारलेला प्रश्न



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींच्या रसायनाच्या तासाला मी याच शाळेत बसलो आहे. विद्यार्थ्याने काही विपरीत विचारले तर ते ‘करून पाहू’ एवढेच म्हणत. १९७५ साली मी महाविद्यालयात शिकवू लागलो, तेव्हा हा धडा विसरलो होतो. जंतू स्वतःपुरतेच अन्न बनवतो की जास्तीचे बाहेरही टाकतो, असे एका मुलाने विचारले. ‘निसर्गात उधळपट्टी नसते’, असे सांगून मी त्याला खाली बसवले. त्याचे उत्तर अठरा वर्षांपूर्वीच छापून आले होते, हे मला नंतर कळले. तो इतिहास आज सांगतो.

१९०८ साली टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्रशैवालाच्या काढ्याला रुची आणणारा पदार्थ वेगळा केला. तो ग्लुटामिक आम्ल निघाला. १९०९ साली त्याचे सोडियम लवण ‘अजिनोमोतो’ या नावाने विक्रीस आले. परंतु कृती जिकिरीची होती. गव्हातील चिकट प्रथिन हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायचे आणि अनेक अमिनो आम्लांच्या मिश्रणातून हवे ते एक वेगळे काढायचे.

हेच काम साखरेवर वाढणाऱ्या जंतूंकडून करवून घेता येईल काय, हा प्रश्न क्योवा हाक्को कंपनीतील शुकुओ किनोशिता यांनी हाती घेतला. पेशी गरजेपुरतेच बनवते, हीच तेव्हाची रूढ समजूत होती. किनोशिता आणि त्यांचे सहकारी शिगेझो उदाका यांनी वाद न घालता जंतूंनाच विचारले. नाना जंतूंच्या वसाहती वाढवून त्यांनी त्या अतिनील किरणांनी मारल्या आणि त्यांवर ग्लुटामिक आम्लावाचून न वाढणारा दुसरा जंतू पसरला. ज्या वसाहतीभोवती हा दुसरा वाढला, तीच आम्ल बाहेर टाकणारी. अशा रीतीने आज कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या नावाने ओळखला जाणारा जंतू सापडला. शोधनिबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला.

या जंतूला बायोटिन हे जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. ते मुबलक मिळाले की तो आम्ल बाहेर सोडत नाही. तुटपुंजे मिळाले की सोडतो. याला पुष्कळ काळ आवरणाची गळती समजले गेले. २००७ साली आवरणातील एका प्रथिनाचा या वाटेशी असलेला संबंध पुढे आला. दरम्यान, १९५८ साली याच जंतूचा होमोसेरिन न बनवू शकणारा प्रकार लायसिन देतो, असे दिसून आले होते. धान्यात लायसिन कमी असते. म्हणून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात ते मिसळतात. आज ही दोन्ही आम्ले दरवर्षी लाखो टन तयार होतात.

माझा तो विद्यार्थी पुन्हा भेटला नाही. भेटला असता, तर एवढेच म्हणालो असतो : तुझा प्रश्न बरोबर होता, चल, करून पाहू.