अस्वलाच्या मांसावरचा हिवाळा

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे उभा राहिलो की मी हमखास पाठ फिरवतो. दुकानदार कोंबडी उचलून आत नेतो आणि पाच-दहा मिनिटांनी काळी पिशवी हातात देतो. जेवताना मात्र माझा हात कधी मागे येत नाही. ही लबाडी आहे हे मला कळतं. म्हणूनच असेल, फ्रिट्यॉफ नान्सेनचं ध्रुवप्रवासाचं पुस्तक वाचताना माझं लक्ष उत्तर ध्रुवापेक्षा त्याच्या जेवणाकडे जास्त गेलं.

नान्सेन नॉर्वेचा, मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. १४ मार्च १८९५ रोजी बर्फात अडकलेलं 'फ्राम' जहाज सोडून तो ह्यालमार योहानसेनला घेऊन ध्रुवाकडे निघाला. बरोबर तीन बर्फगाड्या, दोन कयाक होड्या आणि २८ कुत्री. माणसांचा शिधा १०० दिवसांचा, कुत्र्यांचा ३० दिवसांचा. पुढे कुत्र्यांनीच कुत्री खायची, हे निघतानाच ठरलेलं! ८ एप्रिलला ८६ अंश १४ मिनिटं उत्तर अक्षांशावरून ते परतले. त्याआधी इतक्या उत्तरेला कोणी पोचलं नव्हतं. काडतुसं वाचवायची म्हणून कुत्री सुरीने मारली. ऑगस्टमध्ये शेवटची दोन उरली, तेव्हा मात्र एकेक गोळी खर्च केली. आपापलं कुत्रं मारवेना, म्हणून दोघांनी एकमेकांचं मारलं. या क्रौर्याची आठवण नंतरही अंगावर काटा आणते, असं नान्सेनने लिहून ठेवलं आहे.

हिवाळा त्यांनी फ्रान्झ जोसेफ बेटांवर काढला. जमीन खणून, दगड रचून खोपटं केलं. वर वालरसच्या कातड्याचं छप्पर. सकाळी अस्वलाचं उकडलेलं मांस, रात्री तळलेलं. दिव्यात चरबी. कधी कधी दिवसाचे वीस वीस तास झोप. वाचायला काय, तर नाविकांचं पंचांग आणि कोष्टकं! भांडणं झाली का, असं लोक पुढे विचारत. योहानसेन घोरायचा आणि नान्सेन त्याच्या पाठीत लाथ घालायचा, तक्रार काय ती एवढीच.

गंमत म्हणजे इतके दिवस एकमेकांना ते 'अहो' म्हणत होते. ऑगस्टमध्ये एका अस्वलाने योहानसेनला उताणं पाडलं. नान्सेनची बंदूक होडीत, आणि होडी पाण्यात घसरत होती. अस्वलाचा गळा धरून ठेवलेल्या योहानसेनने, आता आपण जरा घाई केलीत तर बरं, अशा अर्थाचं वाक्य आदरार्थी क्रियापदासकट उच्चारलं! 'अरे-तुरे'वर ते आले १८९५च्या शेवटच्या रात्री. माणूस तगतो तो निव्वळ चरबीवर नाही, ही रीतभातही त्याला धरून ठेवते, असं मला वाटतं.

वालरस मारताना मात्र नान्सेनचं मन खात राहिलं. जखमी जनावराच्या डोळ्यांत त्याला याचना दिसली आणि ते डोळे त्याचा पिच्छा सोडेनात. हत्येजवळ उभं राहून तिच्याकडे पाहण्याची ही हिंमत माझ्यात नाही. पण म्हणून मी त्याला सोडूनही देत नाही. पोटासाठी मारलं, खरं. पण ती भूक त्याने आपल्या हौसेनेच ओढवून घेतली होती. एस्किमो शिकाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याचं घरच बर्फात.

१२ जून १८९६ रोजी होड्या वाहून गेल्या. नान्सेनने बर्फाळ पाण्यात उडी टाकली, पोहत जाऊन त्या गाठल्या. गारठून मरायची वेळ, आणि परतताना त्याने एका बारात दोन पक्षी टिपले! किनाऱ्यावरून पाहणाऱ्या योहानसेनला वाटलं, याला वेड लागलं. संध्याकाळी ते पक्षी दोघांनी खाल्ले.

पाच दिवसांनी फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज प्रवासी भेटला. त्याच्याकडे वजन केलं, तर नान्सेन १० किलोंनी वाढलेला आणि योहानसेन ६! ताज्या मांसातून 'क' जीवनसत्त्व मिळत असल्याने स्कर्व्हीही नाही.

नान्सेनला १९२२मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. योहानसेन पुढे अमुंडसेनबरोबर दक्षिणेकडे गेला. तिथे १९११मध्ये एका सहकाऱ्याला त्याने मरणातून परत आणलं, प्रमुखाला तोंडावर दोष दिला, आणि ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून वगळला गेला. घरी परतल्यावर, जानेवारी १९१३मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.