पुराचा इशारा आणि घरातला रुग्ण

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, वीज गेली. धडधाकट माणसे वरच्या मजल्यावर थांबली तरी निभावते. उपकरणावर जगणाऱ्या रुग्णाचे तसे नाही. त्याला इशारा मिळताच, रस्ते चालू असतानाच हलवावे.

पण कुठे? आम्ही शिक्षक. बाक बाजूला सारले की आमच्याच वर्गांचा निवारा होतो. तिथे छप्पर आणि जेवण मिळते, उपचार नाही. म्हणून हे आधीच ठरवा:

ऑक्सिजन: कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. भरलेला सिलिंडर सोबत ठेवा. निवाऱ्यात जनरेटर आहे का, ते विचारा.

डायलिसिस: बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा लागते. पूररेषेबाहेरचे केंद्र डॉक्टरांना विचारून ठेवा. पाळी चुकली तर पाणी-मीठ कमी करा. कुणी प्रेमाने केळी, शहाळे दिले तरी नको, पोटॅशियम वाढते.

इन्सुलिन: चालू कुपी साधारण चार आठवडे फ्रिजशिवाय टिकते, ऊन लागू देऊ नका. बर्फाला चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

व्हीलचेअर: तळमजल्यावर, संडासाजवळ जागा मागा.

दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची असते. आपल्या दादीचे, अब्बांचे नाव त्यात आहे का? पावसाळ्याआधी तहसील कार्यालयात जाऊन विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच; पण बुडालेल्या रस्त्यावरून तीही येऊ शकत नाही.