आधी वस्ती, मग वर्ग

एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलामुलींचे आठवड्यातले काही दिवस वर्गाबाहेर जातात. कुणी वस्तीत जातं, कुणी बालगृहात, कुणी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात. याला सगळे 'फील्डवर्क' म्हणतात. आधी शिकायचं आणि मग बाहेर जाऊन ते वापरून बघायचं, असा हा क्रम वाटतो. मुंबईत मात्र तो उलटा होता. इथे आधी वस्ती आली, वर्ग नंतर भरला.

क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी १९२५ साली मुंबईत आले. त्यांनी दाटीवाटीच्या नागपाड्यात 'नेबरहुड हाउस' उभं केलं. लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून (१८८४) चालत आलेली ही कल्पना. तिचा गाभा साधा होता: ज्यांच्यासाठी काम करायचं, त्यांच्या शेजारीच राहायचं. पुढे १९३६मध्ये टाटांच्या मदतीने 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' निघालं, तेव्हा मॅनशार्टच त्याचे पहिले संचालक झाले आणि पहिले वर्ग नागपाड्यातच भरले. हीच आजची टिस. देवनारचा परिसर तिला मिळाला तो १९५४ साली.

वर्ग वस्तीपासून लांब गेला, तसा एक जुना पेच ठळक झाला. विद्यार्थ्याचं वर्ष संपतं, वस्तीतल्या बाईचा प्रश्न संपत नाही. घरातल्या मारहाणीबद्दल तिने महत्प्रयासाने कुणाशी तरी बोलायला सुरुवात केलेली असते. जूनमध्ये समोर नवा चेहरा येतो आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. समुपदेशन विश्वासावर चालतं, आणि विश्वास सेमिस्टरच्या हिशोबाने मिळत नाही.

या पेचाला टिसने दिलेली दोन उत्तरं लक्षात ठेवावीत अशी आहेत. विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ आलं १९८३मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांच्या सोबतीने 'स्पेशल सेल' सुरू झाला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. बाईचं म्हणणं शांतपणे ऐकणारं माणूस आणि कायद्याचा धाक, दोन्ही एका छताखाली आले. पुढे राज्य सरकारने हे काम महाराष्ट्रभर नेलं.

दुसरं उत्तर १९९६चं. टिसमध्ये शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरियांना रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री फोन करायची. त्यातून चाइल्डलाइन उभी राहिली. १०९८ हा नंबर मुलं 'दस-नौ-आठ' असा म्हणू लागली आणि तो देशभर पोचला.

दोन्हींची सुरुवात शिक्षणसंस्थेत झाली. पण ती कामं टिकली, कारण तिथे कायमची खुर्ची, पगारी माणूस आणि चालू फोन होता. विद्यार्थी बदलले तरी दार उघडं राहिलं.

तुम्ही यंदा फील्डवर्कला जाणार असाल, तर पहिल्याच दिवशी संस्थेला एक प्रश्न विचारा: मी गेल्यावर या लोकांनी कुणाकडे यायचं? त्याला नावानिशी उत्तर मिळालं, तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात.